जुन्या रेडियल ड्रिलमध्ये टेपर पुन्हा पुन्हा सुटणे आणि टँग पिळणे: कारणे, तपासणी व दुरुस्ती

नागपूरकडच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा उप्पलवाडीतल्या एखाद्या लहान कारखान्यात जुनी रेडियल ड्रिलिंग मशीन (उभ्या कॉलमभोवती फिरणाऱ्या आडव्या आर्मवर ड्रिलिंगचे हेड असलेले यंत्र) येऊन बसली की काही आठवड्यांत एक तक्रार हमखास सुरू होते. स्पिंडल, म्हणजे ड्रिल फिरवणारा दंड, फिरत राहतो, पण पंचवीस-तीस मिलिमीटरचे ड्रिल भोकातच अडकून थांबते. टेपर, म्हणजे ड्रिल धरणारा निमुळता जोड, घसरल्याचा कर्कश आवाज येतो आणि ड्रिल काढून पाहिले तर टँग, म्हणजे मागच्या टोकाची चपटी जीभ, पिळलेली किंवा तुटलेली असते व शँकवर, म्हणजे ड्रिलच्या निमुळत्या मागच्या भागावर, आडव्या ओरखड्यांची वलये उमटलेली असतात. मग नवी स्लीव्ह (लहान शँक मोठ्या स्पिंडलमध्ये बसवणारी निमुळती नळी) आणली जाते, थोडे दिवस काम सुरळीत चालते आणि पुन्हा तोच प्रकार घडतो. तिसऱ्या स्लीव्हनंतर मालक ड्रिलच्या कंपनीला दोष देऊ लागतो, ऑपरेटर मशीनला आणि मशीन विकणारा ऑपरेटरला.

बहुतेक वेळा स्लीव्ह हे या बिघाडाचे कारण नसून त्याचा पहिला बळी असते. म्हणून स्लीव्ह बदलण्यापूर्वी ड्रिल नेमके कोणत्या क्षणी सुटते हे ऑपरेटरकडून नीट समजून घ्यावे, कारण कोठे पाहायचे हे बरेचसे त्या एका उत्तरावरून ठरते.

त्यासाठी टेपर काम कसे करतो हे स्पष्ट असले पाहिजे. मोर्स टेपरचा, म्हणजे ड्रिलच्या शँकसाठी चालणाऱ्या प्रमाणित टेपरचा, अर्धा कोन सुमारे दीड अंशाचा असतो. इतक्या लहान कोनामुळे शँक स्पिंडलमधल्या निमुळत्या भोकात, म्हणजे सॉकेटमध्ये, दाबली की घर्षणानेच धरून राहते, आणि ड्रिल फिरवण्याचे काम हे घर्षण करते, टँग नव्हे. टँगचे मुख्य काम ड्रिफ्ट (स्पिंडलच्या खाचेतून ठोकायची पाचर) मारून ड्रिल बाहेर काढता यावे एवढेच आहे. फिरवण्याच्या बाबतीत ती फार तर शेवटचा आधार आहे. टँग पिळली याचा अर्थ घर्षण आधीच सुटलेले होते. दुसरी बाब अशी की हे घर्षण टिकवण्याचे काम ड्रिलवर येणारा वरचा दाब करत असतो. ड्रिल धातूत जितके जोराने दाबले जाते तितका टेपर घट्ट होतो, आणि दाब कमी होऊन फिरवण्याचा जोर मात्र तसाच राहिला की टेपर सुटण्याची शक्यता वाढते.

हे लक्षात घेतले की ऑपरेटरच्या उत्तराचा अर्थ लागतो. अखंड धातूत, भरपूर दाब असतानाही ड्रिल सुटत असेल तर टेपरची बसणीच खराब आहे. आधी बारा-पंधराचे भोक पाडून त्यात तीसचे ड्रिल घालताना सुटत असेल तर टेपर कदाचित मध्यम दर्जाचा आहे, पण खरी अडचण कामाच्या पद्धतीत आहे. ड्रिलच्या टोकाची मधली छिन्नीसारखी धार धातू कापत नाही, तो चेपत पुढे सरकते, आणि एकूण दाबाचा जवळपास निम्मा वाटा तिचाच असतो. आधीच्या भोकामुळे ती धार हवेत राहिली की दाब एकदम घटतो, मात्र कडेच्या धारांवरचा फिरवण्याचा जोर कायम असतो. ड्रिल खालच्या बाजूने बाहेर पडतानाच सुटत असेल तर दोष फीड (ड्रिल खाली सरकवणारी यंत्रणा), स्पिंडल किंवा आर्मच्या ढिलेपणात शोधावा, त्याविषयी पुढे.

प्रथम सोप्या गोष्टी उरकून घ्याव्यात. मशीन बंद करून सॉकेटमध्ये बोट फिरवल्यास ड्रिफ्टच्या खाचेच्या कडेवर उठलेला काटा बहुधा हाताला लागतो. ड्रिफ्टऐवजी छिन्नी, जुनी फाईल किंवा सळईचा तुकडा ठोकण्याची सवय जेथे आहे तेथे हा काटा असणारच. एवढा एक काटा शँकला पूर्ण बसू देत नाही आणि प्रत्येक नव्या स्लीव्हवर त्याच जागी खूण पाडतो. तो अर्धगोल ऑइलस्टोनने घासून काढावा. फाईल आत घालू नये. त्यानंतर लाकडी टेपर काठीला कोरडे फडके गुंडाळून सॉकेट पुसावे. टेपरला तेल लावू नये हे सर्वांना ठाऊक असते, परंतु जुन्या मशीनमध्ये तेल आपणहून येते. हेडमधील सील झिजलेली असेल तर गिअरबॉक्समधील तेल स्पिंडलवरून ओघळून ड्रिफ्टच्या खाचेतून आत शिरते. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की तेल पातळ होते आणि हिवाळ्यात गप्प असलेली ही गळती उन्हाळ्यात सुरू होते. म्हणून टेपर सुटण्याची तक्रार एप्रिल-मे महिन्यांत वाढत असेल तर सॉकेट रीम करण्याआधी, म्हणजे रीमर या हत्याराने आतून कापून साफ करण्याआधी, सील पाहावी.

आता स्लीव्ह. स्थानिक खराद्याकडून लेथवर वळवून घेतलेल्या स्लीव्हमध्ये एक ठरावीक दोष आढळतो, आणि तो कारागिराच्या आळसापेक्षा मोर्सच्या मापांमुळेच अधिक होतो. मोर्स मालिकेतील सर्व टेपर एकाच कोनाचे नाहीत. मोर्स २ चा अर्धा कोन १ अंश २५ मिनिटे ५० सेकंद, मोर्स ३ चा १ अंश २६ मिनिटे १६ सेकंद, मोर्स ४ चा १ अंश २९ मिनिटे १५ सेकंद आणि मोर्स ५ चा १ अंश ३० मिनिटे २६ सेकंद आहे. आतून मोर्स ३ आणि बाहेरून मोर्स ४ अशी स्लीव्ह करताना कारागिराने कंपाउंड स्लाइड (लेथवरची कोनात लावता येणारी हत्याराची सरक) एकदा लावून आतला व बाहेरचा टेपर त्याच मांडणीत उरकला, तर तीन मिनिटांचा फरक राहतो. शंभर मिलिमीटर लांबीत हा फरक व्यासावर सुमारे ०.१७ मिलिमीटर होतो. अशी स्लीव्ह हाताला घट्ट लागते, पण प्रत्यक्षात तिने एका टोकाच्या अरुंद पट्ट्यावरच पकड घेतलेली असते. आत-बाहेर ग्राइंड केलेली चांगली स्लीव्ह महाग वाटते. तरी एक पिळलेले तीसचे ड्रिल आणि वाया गेलेली प्लेट यांच्या तुलनेत ती स्वस्तच पडते. एकात एक दोन-तीन स्लीव्ह चढवण्याची पद्धतही टाळावी, कारण प्रत्येक जोडाची चूक पुढच्या जोडात मिसळते. प्रमाणित टेपर शँक ड्रिलमध्ये १४ मिलिमीटरपर्यंत मोर्स १, त्यापुढे २३ पर्यंत मोर्स २, साधारण ३२ पर्यंत मोर्स ३ आणि सुमारे ५० पर्यंत मोर्स ४ असतो. म्हणजे मोर्स ५ च्या स्पिंडलमध्ये २० चे ड्रिल लावायचे तर पाच ते दोन अशी एकच स्लीव्ह मिळवावी, दोनांची माळ करू नये.

एवढे करूनही तक्रार राहिली तर निळा रंग लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. खात्रीचा टेपर प्लग गेज, आणि तो नसल्यास ग्राइंड केलेली न वापरलेली स्लीव्ह घ्यावी. तिच्या लांबीवर प्रुशियन ब्लूच्या तीन बारीक रेषा ओढाव्यात, ती सॉकेटमध्ये हलक्या हाताने बसवून पाव फेरा फिरवावी आणि सरळ बाहेर काढावी. रंग जाड लावला तर प्रत्येक सॉकेट उत्तमच दिसते. सगळ्या लांबीवर रंग सारखा पसरला असेल तर सॉकेट ठीक आहे. फक्त आतल्या टोकाला पसरला असेल तर तोंड झिजून रुंदावले आहे. टेपर वारंवार आत फिरलेल्या मशीनचे हे नेहमीचे लक्षण असून अशा सॉकेटमध्ये स्लीव्ह हाताने किंचित डुलते. फक्त तोंडाशी पसरला असेल तर दोन शक्यता उरतात: कोणी तरी आतून चुकीचे रीम केले आहे, किंवा तो टेपर मुळातच मोर्स नाही.

दुसरी शक्यता ऐकून अनेक जण हसतात. एचएमटी किंवा बाटलीबॉयची रेडियल घेणाऱ्याला तिचा विचार करावा लागत नाही हे खरे. पण जुन्या यंत्रांच्या बाजारात अशीच यंत्रे येतात असे नाही. नागपूर हे खाणी, रेल्वे, गिरण्या आणि संरक्षण कारखान्यांच्या मधोमध वसलेले शहर आहे आणि हावड्याच्या रेल्वेमार्गाने भिलाईही दूर नाही. त्यामुळे येथील गोदामांत हॅलिफॅक्सच्या अॅस्क्विथपासून सोव्हिएत बनावटीच्या यंत्रापर्यंत काहीही निघू शकते, आणि कधी तिरपा होणारा आर्म व हेड असलेली, बॉयलरच्या कामासाठी बांधलेली युनिव्हर्सल रेडियलही त्यात असते. सोव्हिएत यंत्रांचा एक फायदा असा की पाटी वाचता आली तर निम्मी माहिती तेथेच मिळते. पहिला २ हा आकडा ड्रिलिंग व बोरिंगच्या गटाचा, नंतरचा ५ रेडियल प्रकाराचा किंवा १ उभ्या स्तंभाच्या प्रकाराचा, आणि शेवटचे आकडे पोलादात पाडता येणाऱ्या सर्वांत मोठ्या भोकाचे. २ए१३५ म्हणजे ३५ मिलिमीटरची उभी मशीन, जिच्या स्पिंडलला मोर्स ४ असतो. २एम५५ म्हणजे ५० मिलिमीटरची रेडियल, मोर्स ५ ची. पाटीवर ५५ असताना सॉकेट मोर्स ४ चे निघाले तर आत कायमची स्लीव्ह ठोकलेली आहे असे समजावे, मग विकणारा काहीही सांगो.

जुन्या अमेरिकी यंत्रांत ब्राऊन अँड शार्प किंवा जार्नो टेपर भेटू शकतो. ब्राऊन अँड शार्पमध्ये फुटाला जवळपास अर्धा इंच उतार असतो, त्यामुळे मोर्सची शँक त्यात उघडपणे डुलते आणि चूक लगेच कळते. जार्नो मात्र फसवा आहे. त्याचा उतार सर्व क्रमांकांना एकच, म्हणजे फुटाला ०.६ इंच किंवा १:२० असतो, आणि मोठ्या टोकाचा व्यास क्रमांकाला आठाने भागून इंचात मिळतो. दहाव्या क्रमांकाचे मोठे टोक सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, आणि मोर्स ४ चे ३१.२६७. मोर्स ४ ची स्लीव्ह जार्नो १० मध्ये नेहमीपेक्षा नऊ-दहा मिलिमीटर अधिक आत जाते, तोंडाशी धरते आणि आत मोकळी राहते. ड्रिलिंग मशीनमध्ये जार्नो क्वचितच सापडतो, पण क्वचित सापडणारी यंत्रे जमा होण्याची जागा म्हणजे हाच बाजार.

शंका असेल तर दोन पोलादी बेअरिंग बॉल आणि डेप्थ व्हर्निअर यांनी निकाल लागतो. स्पिंडल खोलून सॉकेटचे तोंड वर करून उभा धरावा. आधी २८ मिलिमीटरचा बॉल आत सोडून तोंडापासून त्याच्या माथ्यापर्यंतची खोली मोजावी, मग तो काढून ३० चा सोडावा आणि तीच खोली मोजावी. मोर्स ४ असल्यास दोन मापांतील फरक सुमारे ३९.५ मिलिमीटर येतो. १:२० चा टेपर असल्यास सुमारे ४१. दीड मिलिमीटरचा हा फरक साध्या व्हर्निअरवर स्पष्ट दिसतो. झिजलेल्या तोंडाचा या मापावर परिणाम होत नाही, कारण ३० चा बॉलसुद्धा तोंडापासून पंचवीसेक मिलिमीटर आत टेकतो. टेपर खरोखरच वेगळा निघाला तर सॉकेट मोर्समध्ये रीम करण्याची घाई करू नये. बाहेरून मूळ टेपर आणि आतून मोर्स अशी एक चांगली स्लीव्ह ग्राइंड करून घेणे कमी खर्चाचे आणि नको असल्यास मागे घेता येणारे काम आहे.

सॉकेट मोर्सचेच आहे पण झिजले आहे असे ठरले, तर रीमरकडे वळण्यापूर्वी स्पिंडलच्या बेअरिंगची परीक्षा घ्यावी. टेस्ट मँड्रेल (टेपर शँकचा अचूक गोल दांडा) बसवून तोंडाजवळ आणि तीनशे मिलिमीटर खाली डायल इंडिकेटर लावावा व स्पिंडल हाताने फिरवून जास्तीत जास्त वाचन येणाऱ्या जागी स्पिंडलवर खडूची खूण करावी. मँड्रेल काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावा. उंच जागा स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर दोष सॉकेटचा किंवा स्पिंडलचा आहे. मँड्रेलबरोबर सरकली तर मँड्रेलच वाकडा आहे. नंतर लाकडी दांड्याने स्पिंडल बाजूला रेटावा. डायलचा काटा हलून परत आला नाही तर बेअरिंग सैल आहे. सैल बेअरिंगवर सॉकेट दुरुस्त करणे म्हणजे तेच काम दोनदा करणे होय.

बऱ्याच जुन्या यंत्रांचा स्पिंडल आतून फारसा कडक नसतो. फाईलचे टोक तोंडाच्या कडेवर घासून ते कळते. फाईल धरत असेल तर मोर्सचा फिनिशिंग रीमर हाताने फिरवून सॉकेट साफ करता येते. परंतु येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. उतार साधारण १:२० असल्यामुळे व्यासात ०.०५ मिलिमीटर धातू निघाला की शँक एक मिलिमीटर आत सरकते. ओरखडे पूर्ण जाईपर्यंत रीमर फिरवत राहिले तर शँक इतकी आत जाते की टेपर धरण्याआधीच टँग खाचेच्या माथ्याला टेकते, आणि मग आधीपेक्षा वाईट अवस्था येते. टँगच्या वरच्या कडेवर चकाकती खूण दिसली तर हेच घडले आहे असे समजावे. म्हणून थोडे रीम करावे, निळा रंग लावून पाहावा, आणि लांबीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग सलगपणे धरू लागला की थांबावे. मधेमधे उरलेल्या खोल ओरखड्यांचा त्रास होत नाही. त्रास उंचवट्यांचा होतो.

स्पिंडल कडक असेल तर रीमर नुसता घसरतो आणि त्याच्या धारा जातात. तेथे आतून ग्राइंडिंगच करावे लागते, आणि स्पिंडल स्वतःच्या बेअरिंगमध्ये फिरत असताना टेबलावर ग्राइंडर बसवून केलेले ग्राइंडिंग अक्षाशी सर्वांत खरे येते. झीज त्याच्याही पलीकडे असेल तर सॉकेट मोठे करून त्यात एक क्रमांक लहान अशी स्लीव्ह कायमची बसवावी. त्यात मोठ्या ड्रिलची क्षमता जाते, तरी ज्यांना ५० च्या पुढे क्वचितच जावे लागते त्यांच्यासाठी मोर्स ५ चा मोर्स ४ करून घेणे हा प्रामाणिक तोडगा आहे. मशीन चांगली असताना केवळ सॉकेटपायी ती भंगारात विकणे मला पटत नाही.

आता ड्रिल बाहेर पडताना सुटण्याचा प्रकार. अखंड दाबाखाली रेडियलचा आर्म किंचित वर उचलला जातो. टोक प्लेटच्या खालून निघाले की दाब ओसरतो, आर्म झटक्याने खाली येतो आणि त्याच क्षणी ड्रिलच्या नागमोडी खाचा उरलेल्या पातळ कडेत स्क्रूप्रमाणे रुतून ड्रिलला खाली ओढतात. फीडच्या वर्म-व्हीलमध्ये, रॅक-पिनियनमध्ये किंवा स्पिंडलच्या थ्रस्ट नटमध्ये मोकळीक असेल तर स्पिंडल तितका खाली घसरतो, आणि पुढच्या ओढीत टेपर सुटून सगळा धक्का टँगवर येतो. मोकळीक मोजण्यासाठी फीड गुंतवून, खाली लाकूड ठेवून स्पिंडल तरफेने वर-खाली करावा आणि डायल पाहावा. थ्रस्ट नट बहुधा घट्ट करता येतो. स्पिंडलचे वजन तोलणारी स्प्रिंग सैल झालेली असेल तर तीही ताणावी. आर्म आणि कॉलमचे क्लॅम्प खरोखर आवळतात की केवळ मूठ शेवटपर्यंत जाते हे पाहावे, आणि काम शक्य तेवढे कॉलमच्या जवळ घ्यावे, म्हणजे आर्मचा उचल कमी होतो. प्लेटखाली कठीण लाकूड किंवा टाकाऊ प्लेट घट्ट बांधली तर ड्रिल पोकळीत न जाता आधारातच बाहेर पडते.

आधीच्या भोकामुळे होणाऱ्या घसरणीला उपाय सोपा आहे: पहिले भोक मोठ्या ड्रिलच्या गाभ्याच्या जाडीपेक्षा किंचितच मोठे ठेवावे. तीसच्या ड्रिलला चार-पाच मिलिमीटर पुरते, बारा नको. आधीच ओतलेले किंवा पाडलेले मोठे भोक वाढवायचे असेल तर दोन धारांच्या ड्रिलऐवजी तीन किंवा चार धारांचे कोअर ड्रिल वापरावे आणि काम सुरू करण्याआधी टेपर लाकडावर जोराने दाबून बसवून घ्यावा.

विकत घेण्याची वेळ आली असेल तर यातील बहुतेक तपासणी आधीच करता येते. सरकारी लिलावात माल "आहे तसा, आहे तेथे" या अटीवर विकला जातो आणि पाहणीच्या दिवशी क्वचितच वीज जोडलेली असते. व्यापाऱ्याच्या गोदामात मशीनला नुकताच हिरवा किंवा करडा रंग मारलेला असतो आणि भाव किलोवर ठरतो. निळा रंग, एक ग्राइंड केलेली स्लीव्ह, फडके आणि टॉर्च एवढ्यावर सॉकेटची अवस्था वीज नसतानाही कळते, आणि रंगाचा ब्रश तेथपर्यंत पोहोचत नाही. ड्रिफ्टच्या खाचेच्या दोन्ही कडा ठोकून गोल झालेल्या दिसल्या तर मशीनवर कशी माणसे काम करत होती तेही समजते. झिजलेले सॉकेट हे खरेदी नाकारण्याचे कारण नाही, भाव पाडण्याचे कारण आहे. चिरलेला आर्म किंवा स्लाइडच्या जागी वेल्डिंग दिसले तर मात्र माघारी फिरावे.

आणि दुरुस्ती करताना कायमची स्लीव्ह बसवली किंवा वेगळ्या टेपरची स्लीव्ह घातली, तर ते स्पिंडलच्या खालच्या कडेवर आणि हेडच्या पाटीजवळ पंचाने कोरून ठेवावे. आज घेतलेली मशीन उद्या पुन्हा बाजारात जाईल, आणि पुढच्या फिटरला आत कोणता टेपर आहे हे बॉल सोडून शोधावे लागणार नाही.